कॅप्टन अमेरिका सरकारला खरंच धारेवर धरतो का? (विंटर सोल्जर, ब्रेव्ह न्यू वर्ल्ड, स्पॉयलर आहेत)

ढालवाला_नगर

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे मार्व्हलवाले भरपूर आहेत म्हणून विचारतो. आधीच सांगतो मी कॅपचा कट्टर फॅन आहे, आयर्न मॅनवाल्या मित्रांशी भांडण्यात कॉलेजची वर्षं गेलीत, त्यामुळे कोणी हे ट्रोलिंग समजू नका.

लोक न बघताच बोलतात की हा झेंडा अंगावर घालून फिरणारा हिरो म्हणजे अमेरिकेची जाहिरात. पण २०११चा पहिला सिनेमा नीट बघा ना. त्यात सैन्यच स्टीव्हची, म्हणजे कॅपची, जाहिरात करून टाकतं, नाचणाऱ्या मुली, गाणं, स्टेजवर खोट्या हिटलरला ठोसा, आणि लोकांनी युद्धाचे बाँड घ्यावेत म्हणून गावोगाव शो. मग इटलीत खरे सैनिक त्याची हुर्यो उडवतात आणि तिथून पुढे तो ऑर्डर नसताना एकटा कैद्यांना सोडवायला जातो, तेव्हा कुठे तो खरा कॅप होतो. म्हणजे हा ड्रेस मुळात प्रचारासाठी शिवलेला आहे हे सिनेमा स्वतःच सांगतो. आणि ते डॉ. अर्स्किन, जर्मनीतून पळून आलेले, ते स्टीव्हला सांगतात की नाझींनी सगळ्यात आधी जो देश काबीज केला तो त्यांचा स्वतःचाच होता. माझ्यासाठी ही अख्ख्या सिरीजमधली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. देश आणि देश चालवणारे एक नसतात हे तिथे इतकं स्वच्छ सांगितलंय.

आता प्रॉब्लेम. विंटर सोल्जर हा कॅपचा दुसरा सिनेमा माझा सगळ्यात आवडता. एप्रिल २०१४ला आला, म्हणजे स्नोडेननं लोकांवर पाळत ठेवणाऱ्या एनएसए या अमेरिकन संस्थेचे कागद बाहेर काढले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये जमिनीखाली तीन हेलिकॅरियर, म्हणजे उडत्या युद्धनौका, तयार होतायत, माणूस काही करायच्या आधीच त्याला वरून उडवायचं, आणि कोण पुढे धोकादायक ठरेल हे त्याचे बँकेचे, दवाखान्याचे, फोनचे रेकॉर्ड बघून एक अल्गोरिदम ठरवणार. कुठल्या सुपरहिरो सिनेमात असला विषय असतो? मी थिएटरात अक्षरशः पुढे सरकून बसलो होतो. आणि मग कळतं की हे सगळं हायड्रानं केलंय. सत्तर वर्षं आत लपून बसलेले नाझी. म्हणजे पाळत ठेवणं, आरोप न सांगता मारणं हे अमेरिकन सरकारच्या डोक्यातून आलेलं नाही, आत घुसलेल्या परक्यांनी केलं, त्यांना हाकललं की सगळं ठीक. इथे मला फसवल्यासारखं वाटतं.

२०२५च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्येपण तेच. प्रेसिडेंट रॉस लाल हल्क, म्हणजे लाल रंगाचा अवाढव्य राक्षस, होऊन व्हाइट हाउस फोडतो, केवढं मोठं चित्र आहे ते, देशाचा अध्यक्ष स्वतःच ती वास्तू फोडतोय! पण कारण काय, तर स्टर्न्स नावाच्या शास्त्रज्ञानं हार्टच्या गोळ्यांमधून गॅमा रेडिएशन दिलं. परत दोष गोळ्यांचा.

तर प्रश्न असा की हे सिनेमे सरकारला खरंच धारेवर धरतात, की तोंडापर्यंत आणून ऐनवेळी कच खातात? आणि कॉमिक्समध्ये पण असंच आहे का? मी कॉमिक्स फार वाचलेली नाहीत.

---

मुक्ता_पी

मला विंटर सोल्जरबद्दलचं तुझं म्हणणं अजिबात पटलं नाही रे. सीनचा क्रम बघ. शील्ड या गुप्तहेर संस्थेचा प्रमुख फ्युरी स्टीव्हला ती हेलिकॅरियर दाखवतो तेव्हा हायड्राचं नावही कोणी घेतलेलं नाही. हे फ्युरीला हवंय, तो ते अभिमानानं दाखवतोय, शील्डच्या वरच्या कौन्सिलला हवंय, पैसा सरकारचा. आणि स्टीव्ह तिथेच, तेव्हाच म्हणतो की शिक्षा गुन्ह्यानंतर देतात असं मला वाटत होतं, आणि याला स्वातंत्र्य नाही, भीती म्हणतात. त्याचा नकार हायड्राला नाहीचे, तो स्वतःच्या बॉसला आहे. हायड्रा नंतर कळली नसती तरी त्याचं उत्तर तेच राहिलं असतं.

शिवाय हायड्राचा शास्त्रज्ञ झोला अमेरिकेत आला कसा ते सिनेमात सांगितलंय, ऑपरेशन पेपरक्लिप. ते खरंच झालेलं आहे, युद्धानंतर अमेरिकेनं साधारण १६०० जर्मन शास्त्रज्ञ आणि इंजिनियर आपल्याकडे नेले, व्हर्नर फॉन ब्राउन त्यातलाच, जो नाझी पक्षात आणि एसएसमध्ये होता आणि पुढे चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटचा मोठा माणूस झाला. म्हणजे हायड्रा खिडकीतून शिरली नाही, तिला दार उघडून, पगार देऊन आत घेतली. हे सरकारला सोडून देणं आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी फ्युरी म्हणतो आपण हायड्रा काढून टाकू आणि शील्ड वाचवू. स्टीव्ह नाही म्हणतो. सगळंच जाणार म्हणतो. तू म्हणतोस ना की परक्यांना हाकललं की सगळं ठीक, तर तो पर्याय फ्युरीनं समोर ठेवलेला असतो आणि स्टीव्ह तो उचलतच नाही. स्टीव्हची साथीदार नताशा शील्डच्या सगळ्या फायली नेटवर टाकून देते, तिच्या स्वतःच्या काळ्या गोष्टींसकट.

मला तर त्या सिनेमात सगळ्यात मोठा हिरो तो कंट्रोल रूममधला पोरगा वाटतो. नाव नाही, पॉवर नाही, ढाल नाही. हायड्राचा माणूस रम्लो त्याला ती उडती जहाजं सोडायला सांगतो, डोक्याला पिस्तूल लावतो, आणि तो थरथरत म्हणतो की मी नाही सोडणार, कॅप्टनची ऑर्डर आहे. एवढ्यावर मी दरवेळी रडते. खुर्चीवर बसून बटण दाबायची नोकरी करणाऱ्या माणसानं बटण न दाबणं, याच्यापेक्षा देशभक्तीचा मोठा सीन मला कुठल्याच सुपरहिरो सिनेमात सापडलेला नाही.

---

रॉकेट_रवी

एवढं डोकं लावून सिनेमा बघितला तर मजा कधी घेणार. लिफ्टमधली फायटिंग बघा, सुरू व्हायच्या आधी तो शांतपणे विचारतो कोणाला उतरायचंय का, तिथेच पैसे वसूल. सुपरहिरोमध्ये राजकारण घुसडायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

---

जुनी_पानं

रवी, घुसडण्याचा प्रश्नच येत नाही, हे पात्र जन्माला आलं तेच राजकारणातून. कॉमिकच्या पहिल्या अंकाच्या कव्हरवर कॅप हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अंकावर तारीख मार्च १९४१, पण बाजारात आला डिसेंबर १९४०मध्ये. पर्ल हार्बर झालं डिसेंबर १९४१ला. म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी. तेव्हा तिथे बऱ्याच लोकांचं मत होतं की युरोपच्या भांडणात आपण पडू नये, आणि उघड नाझींच्या बाजूचे लोकही होते, फेब्रुवारी १९३९ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन अमेरिकन बुंदच्या सभेला वीसेक हजार लोक जमले होते. त्या शहरात जो सायमन आणि जॅक कर्बी ही दोन ज्यू पोरं बसून हे कव्हर काढतात. धमक्या आल्या, ऑफिसबाहेर पोलीस ठेवायला लागले, महापौर ला गार्डियांनी स्वतः फोन करून धीर दिला, हे सगळं सायमननं पुढे आठवणींमध्ये लिहिलंय. कर्बी तर नंतर खरोखर सैन्यात जाऊन फ्रान्समध्ये लढून आला. तेव्हा त्यांचा कॅप सरकारी धोरणाच्या मागे नव्हता, पुढे होता. सरकारला अजून जे म्हणायचं नव्हतं ते तो म्हणत होता.

ढालवाला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर कॉमिक्समध्ये मिळेल आणि ते दोन्ही बाजूंनी मिळेल.

१९५३-५४ला कॅपला परत आणलं होतं, कव्हरवर लिहायचे कॅप्टन अमेरिका, कम्युनिस्टांचा कर्दनकाळ. मॅकार्थीचा काळ होता तो, शेजारी म्हणजे रशियाचा हेर अशी हवा. थोडे अंक निघाले आणि बंद पडलं. मग १९६४मध्ये अ‍ॅव्हेंजर्सच्या चौथ्या अंकात स्टीव्ह बर्फात सापडतो, १९४५पासून गोठलेला. मग पन्नाशीतला तो कोण होता? १९७२मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्टनं याचं उत्तर दिलं, की तो दुसराच माणूस होता, कॅपचा भक्त, त्याच्यासारखा चेहरा करून घेतलेला, कॅपला ताकद देणारं सीरम अर्धवट घेतल्यामुळे डोकं फिरलेला, ज्याला सगळीकडे लालच दिसायचे. आता तुझ्या हिशोबानं ही पण पळवाट झाली, की आमच्या कॅपनं ते केलंच नाही. पण एंगलहार्ट त्या दोघांना समोरासमोर उभं करतो, तेच कपडे, तीच ढाल, आणि स्टीव्हला कळतं की बर्फात गेलो नसतो तर कदाचित मीही असाच झालो असतो. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुन्न झालो होतो. इथे दोष बाहेर ढकलला जात नाही, उलट घरात आणून ठेवला जातो.

आणि १९७४. वॉटरगेट, म्हणजे अध्यक्ष निक्सनची भानगड, चालू असताना. सीक्रेट एम्पायर नावाची गुप्त संघटना, कॅप तिच्या मुख्याचा पाठलाग करत थेट व्हाइट हाउसमध्ये जातो, बुरखा काढतो, आणि तो माणूस तिथेच स्वतःला गोळी घालतो. चेहरा वाचकांना दाखवलेला नाही, नाव नाही, पण एंगलहार्टनं पुढे सांगितलंय की डोळ्यासमोर निक्सनच होता. हा अंक आल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९७४ला, खऱ्या निक्सननं राजीनामा दिला. इथे गोळ्या नाहीत, गॅमा नाही, परकी शक्ती नाही. सर्वोच्च खुर्चीतल्या माणसाला सत्ता कमी पडली म्हणून त्यानं केलं, एवढंच. आणि पुढे काय तर स्टीव्ह कॅप्टन अमेरिका हे नावच सोडून देतो, नोमॅड म्हणून फिरतो, म्हणजे ज्याला देश उरला नाही असा. नंतर परत येतो तो या विचारानं की मी कुठल्या सरकारचा नाही, त्या देशानं स्वतःला दिलेल्या शब्दाचा आहे. बारा आण्याच्या सोडा, पंचवीस सेंटच्या कॉमिकमध्ये हे छापून येत होतं आणि शाळेतली पोरं वाचत होती!

एवढी छाती सिनेमांनी दाखवलेली नाही, तिथे मी तुझ्या बाजूचा.

---

एडिसनकर

मी न्यूजर्सीत राहतो, मराठी मंडळातली आमची पोरं हे सगळं बघत मोठी झाली, त्यामुळे थोडं इथल्या बाजूनं लिहितो.

ऐनवेळी कच खाणं कुठून येतं याचं एक साधं कारण आहे आणि ते कथेच्या बाहेर आहे. पेंटागॉन सिनेमावाल्यांना विमानं, तळ, सैनिक वापरायला देतं, त्यासाठी वेगळं ऑफिस आहे, बदल्यात स्क्रिप्ट आधी दाखवायला लागते आणि सैन्याची प्रतिमा पटली नाही तर मदत मिळत नाही. हे काही लपूनछपून नाही, उघड नियम आहेत. २००८चा आयर्न मॅन एडवर्ड्स एअर फोर्स बेसवर शूट झाला. २०१२च्या अ‍ॅव्हेंजर्सच्या वेळी मात्र जमलं नाही, कारण पेंटागॉनला हेच कळेना की ही शील्ड नक्की कोणाच्या हाताखाली आहे आणि आमचे सैनिक तिच्यात कुठे बसतात. मॅन ऑफ स्टीलच्या वेळी २०१३ला नॅशनल गार्डनं त्याच सिनेमावरून भरतीची मोहीम काढली. २०१९ला कॅप्टन मार्व्हल आला तेव्हा एअर फोर्सनं थिएटरमध्ये सिनेमाच्या आधी महिला पायलटांची जाहिरात लावली, प्रीमियरवरून विमानं उडवली. मुलींना विमान उडवावंसं वाटणं यात वाईट काही नाही, माझ्या मुलीलाही वाटलं, मला आनंदच झाला. पण सैन्यभरतीची जाहिरात आणि सिनेमा यांच्यातली रेघ इतकी पुसट झाली की बारा वर्षांच्या मुलीला ती दिसत नाही, याचा मला त्रास झाला आणि मी घरी बसून तिच्याशी बोललो.

दुसरं म्हणजे पहिल्या सिनेमात एक गोष्ट मला फार लागते. कॅपच्या तुकडीत गेब जोन्स हा काळा सैनिक आहे आणि जिम मोरिता हा जपानी वंशाचा, तो सांगतो मी फ्रेस्नोचा आहे. सगळे एकत्र बसून बिअर पितात. छान दिसतं. पण खऱ्या अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, ट्रूमननं आदेश काढला तो १९४८ला. आणि मोरिता ज्या कॅलिफोर्नियाचा सांगतो तिथून १९४२ला जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं, एकूण सव्वा लाखाच्या आसपास, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. त्याचं घर आणि दुकान गेलं असेल आणि तो ह्याच झेंड्यासाठी लढतोय, केवढी गोष्ट होती ती! एक वाक्य पुरलं असतं. ते सोडून दिलं. खलनायक वाईट दाखवताना हात आखडत नाहीत, स्वतःच्या घरातलं मात्र सांगायचं राहून जातं.

म्हणून मला कॅपचा साथीदार फाल्कन, म्हणजे सॅम, याची २०२१ची सिरीज सिनेमांपेक्षा मोठी वाटते. आयझाया ब्रॅडली आठवा. काळा माणूस, त्याच्यावर सीरमचे प्रयोग केले, कोरियात लढवला, आणि बक्षीस म्हणून तीस वर्षं तुरुंगात टाकून रक्त काढत राहिले. हे २००३च्या कॉमिकवरून घेतलंय आणि त्या कॉमिकच्या मागे टस्कीगी आहे. अलाबामात १९३२पासून १९७२पर्यंत, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. आयझाया सॅमला तोंडावर सांगतो की ते काळ्या माणसाला कॅप्टन अमेरिका होऊ देणार नाहीत, आणि झालेच तरी स्वाभिमान असलेला कुठलाही काळा माणूस ते होणार नाही. इथे हायड्रा नाही बघा. इथे फक्त सरकार आहे.

---

ढालवाला_नगर

एडिसनकर दादा, आयझायाबद्दल शंभर टक्के. आणि त्याच सिरीजमधला जॉन वॉकर, सरकारनं निवडलेला नवा कॅप, तीन मेडल मिळालेला सैनिक, भर चौकात शरण आलेल्या माणसाला ढालीनं मारतो आणि चारी बाजूंनी लोक मोबाइलवर शूट करतायत, ढालीच्या कडेला रक्त. मला वाटतं मार्व्हलच्या सगळ्या सिनेमा-सिरीजमध्ये याच्याइतकं धाडसी दृश्य नाही. तो वेडा नाही, त्याच्या आत कोणी शिरलेलं नाही, सैन्यानं त्याला जे शिकवलं तेच तो करतोय. पण बघा तिथेही कार्लीचं काय केलं. निर्वासितांना परत हाकलू नका ही तिची मागणी इतकी रास्त आहे की लेखकांना तिला इमारत जाळायला लावावी लागली, नाहीतर प्रेक्षक तिच्याच बाजूनं गेले असते. शेवटी सॅम नेत्यांना भाषण देतो, भाषण चांगलंच आहे, पण ती मेलेली असते.

मुक्ता, तुझा क्रमाचा मुद्दा चांगलाय आणि शील्ड मोडायचा मुद्दा त्याहून चांगला. तरी मी माझ्या जागी आहे, कारण स्टीव्हनं काय केलं याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार प्रेक्षकाला काय सोपं करून दिलं याबद्दल आहे. ती जहाजं सोडायला आतुर झालेला, शील्डवरचा बडा अधिकारी पिअर्स हा शेवटी हायड्राचाच निघतो. तो नुसताच वॉशिंग्टनचा एक सभ्य, हुशार, देशावर प्रेम करणारा मंत्री असता आणि तरी त्यानं दोन कोटी माणसांची यादी केली असती, तर बाहेर पडताना लोक काय बोलले असते विचार कर. त्या भूमिकेत रॉबर्ट रेडफर्डला घेतला होता राव! सत्तरच्या दशकात सीआयएच्या आतलं कारस्थान उघडं करणारा हिरो म्हणून लोकांनी ज्याला पाहिलं तोच इथे कारस्थान करतो, अशी निवड केल्यावर त्याच्या तोंडी हायड्राची घोषणा कशाला हवी होती?

आणि भारतात बसून बघताना कॅपचा सिव्हिल वॉर हा सिनेमा मला अजूनच अवघड जातो. नायजेरियातल्या लागोसमध्ये अमेरिकन टीम परवानगी न घेता उतरते, लोक मरतात, ११७ देश म्हणतात आमच्या हद्दीत यायचं तर आम्हाला विचारा. आणि माझा हिरो नाही म्हणतो. मी टीम कॅप होतो, आहे, पण त्या ११७मध्ये आपणही असणार ना?

---

मुक्ता_पी

पिअर्सचं मान्य आहे, हायड्रा न काढता तो जास्त भीतीदायक झाला असता.

सिव्हिल वॉरबद्दल मात्र स्टीव्हची बाजू घेते. तो नियमांना नाही म्हणत नाहीये, कमिटीला नाही म्हणतोय. त्याला आधीच्याच सिनेमात कळलंय की वर बसलेल्यांचा हेतू बदलू शकतो आणि आपण नुसते हातातलं हत्यार होतो. आणि त्या ११७ देशांचा करार घेऊन येतो कोण तर रॉस, ज्यानं हल्कच्या मागे सैन्य लावलं होतं. सही न करणाऱ्यांना पुढे समुद्रातल्या तुरुंगात टाकतात, कोर्ट नाही, वकील नाही. तोच रॉस ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये अध्यक्ष झालाय, आणि स्टर्न्सला त्यानंच वर्षानुवर्षं गुपचूप कोंडून वापरून घेतलेलं असतं. म्हणजे गोळ्या स्टर्न्सनं दिल्या हे खरं, पण स्टर्न्स घडवला रॉसनं. तो धागा सिनेमात आहे, धावपळीत दबून गेलाय एवढंच. आणि शेवटी सॅम त्याला मारून नाही जिंकत, बोलून थांबवतो, आणि रॉस आपणहून तुरुंगात जातो. अध्यक्ष स्वतःच्या पायानं तुरुंगात जातो हे दाखवायला थोडी तरी छाती लागते.

---

रॉकेट_रवी

आयझायाचं टस्कीगी प्रकरण माहीत नव्हतं. आता वाचलं. चाळीस वर्षं?? ती सिरीज मी दोन एपिसोडनंतर सोडली होती, परत लावतो. जुनी_पानं, १९७४चं ते कॉमिक कुठून सुरू करू?

---

जुनी_पानं

रवी, मूळ सिरीजचे १६९ ते १७६ हे अंक सलग वाच, मग नोमॅड होतो तो १८०वा. डिजिटलमध्ये मिळतात. शोधताना एक काळजी घे, सीक्रेट एम्पायर नावाची २०१७चीही एक मोठी कथा आहे, तिच्यात स्टीव्ह स्वतःच हायड्राचा निघतो आणि त्यावरून अमेरिकेत वाचक भयंकर चिडले होते, दोन ज्यू माणसांनी हिटलरच्या विरोधात काढलेलं पात्र हायड्राला कसं देता म्हणून. मलाही ती आवडत नाही, आणि कारण ढालवालानं वर लिहिलंय तेच आहे. कॉस्मिक क्यूब या जादुई वस्तूनं इतिहास बदलला म्हणून तो तसा झाला, खरा स्टीव्ह नंतर येतो आणि सगळं निस्तरतो. आधी १९७४चं घे.